चार लॉकची पुडी

मुखरूची जीप कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. फारूकनं गॅरेज आवरायला ट्रेमधला फडका उचलला, तर फडक्याखाली चार लॉकची पुडी. न फोडलेली. वर पिन मारलेली, आत चार काळ्या कड्या एकमेकींत अडकून बसलेल्या. त्यानं पुडी उचलली, उजेडाकडे धरली, परत ठेवली आणि फडका पुन्हा तिच्यावर टाकला. झाकलं की नाहीसं होतं असं नाही, हे साठीला आलेल्या माणसाला कळायला हवं. तरी त्यानं टाकला. मग स्टुलावर बसला आणि मनातल्या मनात सकाळचं काम पहिल्यापासून करू लागला. घाटात सवाऱ्यांची जीप चालवणारा मुखरू साडेसातला आला होता. पहिला गिअर टाकला की खालून टक्क वाजते, उतारावर चीं चीं करते, जिवतीचा घाट चढताना बुडाखाली थरथर येते, असं त्याचं गाऱ्हाणं. ऐकूनच कळलं होतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा जो लांब दांडा असतो, शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस गेले होते. क्रॉस म्हणजे अधिकच्या खुणेसारखा पोलादाचा तुकडा. त्याच्या चार बाह्यांवर चार वाट्या, वाट्यांत उभ्या सुया, आणि वाटी बाहेर सरकू नये म्हणून प्रत्येकीला एक लॉक. एका क्रॉसला चार. दोन क्रॉसचे आठ, म्हणजे दोन पुड्या. फारूकनं शाफ्टवर छिन्नीनं खुणा केल्या, म्हणजे जोडताना दोन्ही टोकं एका रेषेत यावीत. शाफ्ट उतरवला, शिकंज्यात धरला, जुने क्रॉस ठोकून काढले, नवे बसवले, चारी बाजूंनी बाहेर येईपर्यंत ग्रीस मारलं. हे सगळं आठवत होतं. म्हणजे हे असंच करतात हे आठवत होतं. आज सकाळी या हातांनी ते केलं का, ते काही केल्या आठवेना.

चाळीस वर्षं एकच काम केल्यावर त्याची आठवण राहत नाही. रोज घराला लावलेलं कुलूप आपण लावलं का, हे ज्याला बाजारात पोचल्यावर आठवत नाही, त्याला फारूकचं दुखणं कळेल. त्यानं आठ 'टिक' आठवून पाहिले. लॉक आपल्या खाचेत बसला की बारीक टिक आवाज करतो. त्याला हे काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, डोळे खोटं बोलतात, टिक खोटं बोलत नाही. पहिले चार त्याला नीट ऐकू आले होते, याची खात्री. पाचव्याच्या वेळी कोळशाचा ट्रक गेला. ट्रकमागून ट्रक, मधे एकानं हॉर्नवर हातच ठेवला. मग मुखरू दिव्यानीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, नव्या घराची हकिगत सांगू लागला. मग सहावा, सातवा? कचऱ्याचा डबा पाहावा म्हणून तो उठला. फाडलेल्या पुड्या दोन निघाल्या तर विषयच संपला. डबा रिकामा होता. घंटागाडी साडेनऊला येऊन गेली होती, आणि रोज आळशासारखी उशिरा येणारी घंटागाडी आज वेळेवर आली होती.

चार लॉक पुडीत आहेत, म्हणजे एका क्रॉसच्या चार वाट्या बिनलॉकच्या गेल्या. नाहीतर, याहून लाजेची गोष्ट, जुनाच क्रॉस जुन्याच लॉकसकट परत बसला. असं होऊ शकत होतं, आणि ते फक्त त्याच्याच गॅरेजात होऊ शकत होतं. बाकीचे लोक जुना माल भंगारात टाकतात. फारूक तो डिझेलमध्ये धुतो, ब्रशनं घासतो, लख्ख पुसतो आणि नव्या मालाच्या डब्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. ही उस्तादांची रीत. गिऱ्हाइकाला आपला जुना माल दिसला पाहिजे, समजला नाही तरी चालेल, असं ते म्हणायचे, आणि घाणेरडा माल हातात देणं म्हणजे घाणेरडं तोंड दाखवणं. आज सकाळी दोन धुतलेले जुने आणि दोन नवे असे चार क्रॉस एकाच फडक्यावर मांडून ठेवले होते. चारी चमकत होते. डोळ्यांवर चष्मा असला तरी त्याला वीतभर अंतरावरचं धड दिसत नव्हतंच, पण जुना कोणता हे पूर्वी डोळ्यांनी पाहावं लागतच नसे. बाहीवरून अंगठा फिरवला की सुयांनी कोरलेल्या बारीक रेघा लागायच्या. पूर्वी लागायच्या. आठ महिने झाले, त्याच्या बोटांना काही लागत नव्हतं.

हे त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात साखर निघाली तेव्हा डॉक्टरनं विचारलं होतं, हातापायांना मुंग्या येतात काय. तो नाही म्हणाला. मुंग्या येतच नव्हत्या, मुंग्या येऊन निघून गेल्या होत्या. आता बोटांच्या टोकांवर कोणीतरी जाड मेण लावून ठेवल्यासारखं वाटायचं. लॉकप्लायरमधून, म्हणजे लॉक धरायच्या चिमट्यातून, लॉक निसटायचा, मातीत पडायचा, आणि फारूक जुन्या लाऊडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवत बसायचा. कोणी पाहिलं तर म्हणायचा, साफसफाई करून राह्यलो. मोहसीनला, नागपूरला टायरच्या दुकानात असलेल्या पोराला, हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन शटर ओढलं असतं आणि बापाला आपल्या दोन खोल्यांत नेऊन टीव्हीसमोर बसवलं असतं. टीव्हीसमोर बसायला फारूकची ना नव्हती. पण हात मांडीवर ठेवून? त्या हातांचं दिवसभर करायचं काय?

त्यानं मुखरूला फोन लावला. बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्या बाईच्या आवाजात त्याला कंटाळा ऐकू आला. मुखरू आधी गडचांदूरला जाणार, तिथून सवाऱ्या भरणार, आणि मग घाट. घाटात बिनलॉकची वाटी हळूहळू बाहेर येते, एकदम नाही. हे सगळ्यात वाईट. पाच कोस गाडी छान जाते, ड्रायव्हर खूश होतो, मेकॅनिकला दुवा देतो, आणि मग एका वळणावर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं.

घराकडे तोंड करून तो ओरडला, "जरीना, स्पेअरच्या दुकानात जाऊन येतो." गॅरेजच्या मागेच घर, आणि मधल्या खिडकीशी जरीनाचं शिलाईचं मशीन. मशीन थांबलं नाही. ती आतून म्हणाली, "चहा प्याचा राह्यला ना तुमचा." ट्रेशेजारी ग्लास होता. त्यानं उभ्याउभ्या एक घोट घेतला. कोमट. हल्ली या घरात चहा कोमटच मिळतो, बायको म्हातारी झाली की आधी चुलीतला जीव जातो, असं काहीबाही मनात म्हणत त्यानं पुडी खिशात टाकली, पाना आणि पेचकस पिशवीत टाकले आणि स्टँड गाठलं. बस बल्लारपूर सोडून पुढे गेल्यावर त्याला कळलं की चष्मा ट्रेमध्येच राहिला.

बसच्या खिडकीतून वर्धा नदीचा पूल गेला, मग कापसाची शेतं, मग पुन्हा कोळशाचे ट्रक, आणि फारूकला काही दिसलं नाही. त्याला वीस वर्षांपूर्वीचा घाट दिसत होता. ती गाडी त्याच्या हातची नव्हती, हे तो तेव्हा दहादा स्वतःला सांगत होता. दुसऱ्या कोणाच्या तरी हातची होती. त्याला फक्त गाडी उचलून आणायला बोलावलं होतं. शाफ्टचं टोक डांबरात घुसलं होतं, रस्त्यात हातभर खोल चर पडला होता, जीप आडवी झाली होती. माणसं वाचली होती, एक सोडून. टपावरचं मिरच्यांचं पोतं फुटलं होतं, आणि त्या ठसक्यात रडणारे कोण आणि ठसकणारे कोण हे कळत नव्हतं. फारूकसुद्धा ठसकत होता. त्यानं चरातून शाफ्ट ओढून काढला आणि सवयीनं त्याच्या टोकाशी बोट फिरवलं. लॉकची खाच रिकामी होती. खाच स्वच्छ होती, म्हणजे लॉक तुटला नव्हता, बसवलाच नव्हता. हे त्याला बोटानं सांगितलं, आणि त्यानं ते पोलिसांना सांगितलं नाही. कारागीर कारागिराचं नाव घेत नाही, अशी एक जुनी समजूत. तो मेकॅनिक पुढे वरोऱ्याला गेला, पानठेला टाकला म्हणतात. रात्री झोपत असेल का? आज पहिल्यांदा फारूकला त्या माणसाचा चेहरा आठवला, आणि तो चेहरा काही वाईट माणसाचा नव्हता. त्याच्याही वेळी कदाचित ट्रकच गेला असेल. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा त्याच्या हातातून नाणं पडलं. पडल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

मला घाबरायला होतंय, असं त्यानं मनात स्पष्ट म्हणून पाहिलं. बरं वाटलं नाही, पण खरं वाटलं. मग त्याला मुखरूच्या जीपमधली माणसं दिसू लागली. अजून बसलेलीही नव्हती, तरी दिसू लागली. मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, मधे किराण्याच्या पिशव्या, एखादी लुगड्याचा पदर तोंडाला लावून डोळे मिटलेली म्हातारी. मुखरू बारा माणसं भरल्याशिवाय गाडी हलवत नसे. या सवयीवरून फारूकनं त्याला आजवर किती शिव्या दिल्या असतील. अरे, आठाची गाडी आहे, क्रॉस खाणार नाही तर काय करणार? आणि आता गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याची धुरांडी दिसू लागल्यावर तो मनात म्हणत होता, या अल्ला, आज बारा होऊ देऊ नको. अकराच होऊ दे. बारावा माणूस कुठंतरी चहा पीत बसू दे.

जीप स्टँडवर उभी होती. कडुलिंबाखाली, तोंड घाटाकडे करून. मुखरू बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता, आणि पुढच्या सीटवर त्याची बायको आशाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. लेकीकडे राहून परत निघाली होती.

"फारूकभाऊ? तुमी इथी कसे?" मुखरूनं तंबाखू तशीच तळहातावर धरली.

"ग्रीस," फारूक म्हणाला. "मागच्या क्रॉसले कमी पडलं असं वाटलं मले."

"अरे, मंग फोन करायचा ना. त्यासाठी एवढ्या दूर याच्यात काय मतलब?"

"तुहा फोन लागते काय कधी?"

मुखरू हसला. "दहाच माणसं झाले. दोन सवाऱ्या पायजेत अजून. मारा ग्रीस, मले काय."

ग्रीसची गन पिशवीत नव्हती हे मुखरूच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर तो बोलला नाही. फारूक जीपखाली पाठीवर सरकला. खाली गार सावली होती आणि शाफ्ट त्याच्या नाकापासून हातभर वर होता. चष्मा नव्हता. दिसत होतं ते फक्त काळं आणि जास्त काळं. त्यानं फडक्यानं पुढचा क्रॉस पुसला आणि बोट लावलं. बोटाला काही लागलं नाही. सगळीकडे सारखंच मेण. मग त्यानं पेचकस काढला. मूठ घट्ट धरली आणि टोक वाटीच्या कडेनं फिरवलं. बोटं गेली तरी मनगट अजून त्याचं होतं. टोक सरकत सरकत कशाला तरी अडलं, आणि त्यानं दाबलं तर ते जागचं हललं नाही. लॉक. शाफ्टच्या पलीकडून हात घालून दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी टोक घसरून पुढे गेलं. पुन्हा आणलं. अडलं. लॉक होता. मग मागच्या टोकाकडे सरकला. कोणीतरी जीपमध्ये चढलं आणि सगळी गाडी त्याच्या अंगावर बोटभर खाली आली. "अकरा," मुखरूचा आवाज आला. पाचवा, सहावा, सातवा. आठव्याला टोक टेकवून तो बराच वेळ तसाच पडून राहिला. आठी होते.

पण आठी नवे होते काय? लॉक आहेत हे कळलं, जुना क्रॉस परत बसला नाही हे कुठं कळलं? तो बाहेर आला, कपड्यांची धूळ न झटकता आशाबाईच्या खिडकीशी गेला. "बाई, सीटखाली दोन डबे आहेत, मी मुखरूले दिले होते सकाळी. द्या बरं जरा." आशाबाईनं वाकून डबे काढले. त्यानं एक उघडला, क्रॉस हातात घेतला. लख्ख धुतलेला. उजेडाकडे धरला तर फक्त चकाकी. अंगठा फिरवला. काही नाही. आशाबाईला विचारता आलं असतं, बाई, पाहा बरं याच्यावर रेघा आहेत काय. तिचे डोळे चांगले होते. पण मग तिनं विचारलं असतं, तुमाले काऊन दिसत नाई? आणि नाही दिसत तर, हात काऊन नाई लावत? हे दोन प्रश्न आठ महिने तो चुकवत आला होता. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि क्रॉसची बाही खालच्या ओठाला लावली. ओठावरून हळूच फिरवली. डिझेलचा वास नाकात गेला, आणि ओठाला रेघा लागल्या. एक, दुसरी, तिसरी, जवळजवळ कोरलेल्या, अगदी सरळ. त्याचे डोळे भरून आले. दुसरा डबा उघडला. तिथंही रेघा. दोन्ही जुने. म्हणजे नवे दोन्ही गाडीत.

"काय भाऊ," आशाबाई म्हणाली, "चाखून पाह्यता काय?"

"हो," तो म्हणाला. "खारट आहे. म्हणजे जुनाच."

ती हसली, मागची माणसं हसली, आणि फारूकही हसला, आणि हसता हसता त्याला बसावं लागलं. मुखरूनं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. फारूकनं काचेचा ग्लास मुठीत धरला. आशाबाई त्याच्याकडे पाहत होती. "भाऊ, चटका नाई बसत काय तुमाले? कढत आहे ना तो." त्यानं ग्लास बाकावर ठेवला. हाताकडे पाहिलं तर तळवा लाल झालेला. तेवढ्यात बारावा माणूस आला, एक खताची गोणी घेऊन, मुखरूनं गोणी टपावर टाकली, आणि गाडी पहिल्या गिअरला निघाली. खालून टक्क आलं नाही. फारूक ऐकत राहिला. दुसरा गिअर, तिसरा, वळण, आणि मग नुसता रस्ता. इतकं हलकं त्याला कधी वाटलं असेल तर मोहसीनचा ताप उतरला होता त्या पहाटे, लहानपणी.

परतीच्या बसमध्ये त्याला नदी दिसली. कापूस दिसला. ट्रकसुद्धा दिसले, आणि त्यांच्यावर राग आला नाही. फक्त खिशातली पुडी मधूनमधून आठवत होती. आठ लॉक गाडीत, चार खिशात. बारा कसे झाले? दुकानदारानं एका डब्यात चुकून दोन पुड्या टाकल्या असतील, असं त्यानं ठरवलं, आणि ते पटलं नाही, तरी पटवून घेतलं. माणूस सुटला की फार चौकशी करत नाही.

घरी आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. जरीना खिडकीशी ब्लाउजला हुक लावत होती. घरात त्यांची बोली हिंदी, पण जरीनाचं माहेर नागभीडकडचं. रागावली किंवा माया आली की ती आपोआप तिकडच्या मराठीवर जायची. फारूकनं पुडी काढून मशीनवर ठेवली. त्याला नुसतंच विचारायचं होतं, ही कुठून आली असेल गं. ती वर न पाहता म्हणाली, "भेटली काय? मीच ठेवली होती सकाळी. फडक्याखाली."

"तू?"

"दोन क्रॉस करायचे होते ना आज. तुमचे लॉक पडतेत मातीत, मंग तुमी चुंबक फिरवत बसता. म्हटलं, एक पुडी जास्तीची असली तर बरं. तीन-चार महिन्यांपासून सुटे लॉक ठेवून राह्यली मी ट्रेमंदी. तुमी वापरता बी. आज पुडी फोडायची राह्यली, म्हणून दिसली तुमाले."

फारूकनं पुडी पुन्हा हातात घेतली. तीन-चार महिने एकेक लॉक पडला की ट्रेमध्ये दुसरा सापडायचा, आणि तो समजायचा की आपली नजर अजून शाबूत आहे. ही खिडकीतून सगळं पाहत होती. चुंबकसुद्धा. सकाळी तो ओरडून खोटं सांगून निघून गेला, तेव्हा तिला एवढंच विचारलं असतं तर गडचांदूर झालंच नसतं. त्याला हसू आलं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"जरीना, मले बोटांत काही लागत नाई," तो म्हणाला. "आठ महिने झाले."

वाक्य तोंडातून गेलं आणि काहीही पडलं नाही. भिंत होती तिथं होती, मशीन होतं, रस्त्यावर ट्रक चालले होते. त्यानं खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखा श्वास सोडला. जरीनानं दातानं दोरा तोडला.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "उद्यापासून लॉक मी लावीन. सुया बी उभ्या करीन वाटीत. तुमी ठोकायचं आन ऐकायचं."

"तुले जमंल?"

"दिवसाले शंभर हुक लावते मी. तुमचा लॉक काय लय मोठा लागून गेला?" मग ती थांबली. त्याचा उजवा हात तिनं ओढून घेतला, उलटा केला, लाल तळव्याकडे पाहिलं. "कुठी भाजलं हे?"

"चहाचा ग्लास. गडचांदूरले."

"तरी मी इथी संभाळून राहते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा चिरकला. "पावसाळ्यात एक डाव तुमाले फोड आला होता, तुमाले पत्ताच नाई. तवापासून तुमचा चहा मी निववूनच देते. रोज नाक मुरडता तुमी, कोमट आहे म्हणून. मी काही बोलत नाई."

फारूक खाली मान घालून बसला. पावसाळ्यापासूनचे ग्लास त्याच्या डोळ्यांपुढून गेले, सकाळचे, दुपारचे, ट्रेशेजारी ठेवलेले. दर वेळी तो काय म्हणाला होता, तेही आठवलं. लॉकचे टिक आठवले नव्हते, हे मात्र एकेक आठवलं.

"आज गरम दे," शेवटी तो म्हणाला. "एकदम कढत. दांडीच्या कपात दे, म्हणजे झालं."

जरीना उठली. आत स्टो पेटल्याचा आवाज आला, मग फडताळातून कप काढल्याचा, आणि फारूक भिंतीला टेकून ऐकत राहिला.